सीकेम रीफ फ्यूजन १ आणि २ : बाटल्या चांगल्या, पण आधी केएच मोजा

सीकेमच्या या दोन बाटल्या रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या कोरलवाल्या टँकमध्ये, कॅल्शियम आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) भरून काढायला ओततात. बाटल्या चांगल्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त घेऊ की नको एवढंच विचारायचंय त्यांची सुटका. पण बडोद्यात ज्यांच्या घरी मी रीफ टँक बघितलेत त्यातल्या बऱ्याच जणांना या बाटल्यांची गरजच नव्हती, आणि ज्यांना होती ते आयोडीन, स्ट्रॉन्शियम, कोरल व्हिटॅमिन असलं काहीबाही थेंब मोजून ओतत होते आणि घरात केएचचा किटच नाही. म्हणून हा रिव्ह्यू बाटलीचा कमी आणि बाटली ओतायची की नाही याचा जास्त आहे, चालवून घ्या.

माझा टँक साधारण २०० लिटरचा, दांडिया बाजारातल्या जुन्या घरात खालच्या खोलीत, कारण वर उन्हाळ्यात टिकणं शक्यच नाही. एक क्लाऊन माशांची जोडी, झोअँथिड, मशरूम, झेनिया (जी आता कुठेही उगवते, फुकट घेऊन जा), आणि एका बाजूला हॅमर आणि थोडं माँटिपोरा. म्हणजे अर्धा मऊ अर्धा कडक (हॅमर आणि माँटिपोरा, हे दगडी सांगाडा बांधणारे) असा खिचडी कारभार, आणि डोसिंगचा, म्हणजे बाटलीतलं मोजून ओतण्याचा, सगळा प्रश्न त्या कडक अर्ध्याचाच आहे.

आता बाटल्यात काय आहे. फ्यूजन १ म्हणजे कॅल्शियम, १ मिलीत १०० मिलिग्रॅम, सोबत थोडं मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम. फ्यूजन २ म्हणजे अल्कलिनिटी, म्हणजेच आपला केएच, १ मिलीत ४.४ मिलीइक्विव्हॅलंट (अल्कलिनिटीचं एकक). दोन्ही सारख्याच मापाने घालायच्या, हिशोब सोपा आहे, २५ लिटर पाण्याला दोन्हीतलं १-१ मिली घातलं की कॅल्शियम ४ पीपीएमने (लिटरला ४ मिलिग्रॅम) आणि केएच जवळपास अर्ध्या अंकाने, म्हणजे ०.५ ने, वाढतो. मला कंपनीचं हेच आवडलं की आकडे सरळ लेबलवर दिलेत, "कोरल आनंदी होतील" असल्या भाषेत नाही. ज्या बाटलीवर आत काय आणि किती हे लिहिलेलं नाही ती मी घेतच नाही, मग तिच्यावर कितीही रंगीत कोरलचा फोटो असो.

दोन बाटल्या कशाला, एकच का नाही, हे मला नेहमी विचारतात. कारण कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं, त्याला दोन्ही लागतात आणि ठरलेल्या प्रमाणात लागतात, २० पीपीएम कॅल्शियम गेलं की त्याच्याबरोबर २.८ केएच जातो. आणि दोन्ही घट्ट करून एका बाटलीत ठेवले तर तिथेच खडू तयार होईल. (एका बाटलीतली पण मिळतात, ट्रॉपिक मरीनचं ऑल फॉर रीफ तसं आहे, त्यात कॅल्शियम फॉर्मेट असतं, ते बॅक्टेरिया खातात आणि मग केएच सुटतो, म्हणजे ओतल्या ओतल्या किटवर दिसत नाही, हे माहीत नसलं की माणूस अजून ओततो.)

इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी दुकानात कोणी सांगत नाही. समुद्रात कॅल्शियम ४२० च्या आसपास आणि केएच ७ च्या आसपास. वरच्या प्रमाणात दोन्ही गेले तर कॅल्शियम ४२० चं ४०० झालं, काही फरक पडला नाही, पण केएच ७ चा सव्वाचार झाला म्हणजे बोंब. कॅल्शियम म्हणजे बँकेतली एफडी आणि केएच म्हणजे खिशातले पैसे, खर्च दोन्हीतून होतो पण खिसा आधी रिकामा होतो. म्हणून मी कॅल्शियम महिन्यातून कधीतरी बघतो, मॅग्नेशियम त्याहून कमी वेळा (१२५० ते १३५० मध्ये असलं की विषय संपला, ते फार खाली गेलं तर मात्र कॅल्शियम आणि केएच दोन्ही टिकवणं जड जातं कारण पाण्यातच खडू बसायला लागतो), पण केएच मात्र आठवड्याला बघतोच.

आता लागतं का नाही, त्याचा हिशोब. समजा टँकमध्ये नुसते झोआ (झोअँथिड), मशरूम, लेदर असे मऊ कोरल आहेत. हे सांगाडा बांधत नाहीत, केएच खातात ते काचेवरचं कोरलाइन (खडूसारखा थर धरणारं शेवाळ) आणि शंखवाले गोगलगाय, तेही नावाला. आठवड्याला पाव-अर्धा केएच गेला तर खूप. तुम्ही दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलताय आणि टँकचं पाणी बनवायचं मीठ रेड सी कोरल प्रो सारखं आहे, ज्याचा केएच १२ च्या आसपास येतो, आणि टँक ८ वर आहे, तर एका पाणी बदलण्यातच ०.४ परत आला. झालं. बाटली कशाला? आणि अशा टँकमध्ये लेबलवर दिलंय म्हणून आठवड्यातून दोनदा २५ लिटरला १-१ मिली घालत राहिलात तर आठवड्याला जवळजवळ १ केएच वर चढणार, तो खाणारं कोणी नाही, मग महिन्या-दीड महिन्यात १२-१३ दिसतो आणि हीटरवर, पंपाच्या पंख्यावर पांढरा थर बसलेला. लेबलवर "गरजेनुसार" असंही लिहिलंय बरं का, पण ते शब्द कोणी वाचत नाही, मिली तेवढे वाचतात.

उलट कडक कोरल असतील तर पाणी बदलून भागत नाही. रोज अर्धा केएच जातोय, म्हणजे आठवड्याला साडेतीन, आणि पाणी बदलून येतोय ०.४, मग कितीही महागाचं मीठ आणा. तिथे डोसिंग लागतंच आणि ज्यांचं ठाम मत आहे की "नॅचरल ठेवायचं, केमिकल नको" त्यांना मी एवढंच म्हणतो की बादलीतलं मीठ पण केमिकलच आहे हो.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. ३ दिवस काही घालायचं नाही, पाणी पण बदलायचं नाही. पहिल्या दिवशी केएच बघायचा, ३ दिवसांनी त्याच वेळेला परत बघायचा. सॅलिफर्टचा किट असेल तर ४ मिली पाणी घ्यायचं, इंडिकेटर घातलं की निळसर हिरवं होतं, मग सिरिंजमधून एकेक थेंब सोडत बाटली हलवत राहायचं, एका थेंबाला रंग करडा होतो आणि पुढच्याला गुलाबी-केशरी, तिथे थांबायचं, ट्यूबलाईटखाली करा, टँकच्या निळ्या लाईटखाली केलंत तर तुम्हाला रंग बदललेला कळणारच नाही. ज्यांना रंगाचा घोळ होतो त्यांनी हॅनाचा चेकर घ्यावा, १० मिली पाणी, १ मिली रीएजंट आणि आकडा समोर, फक्त काचेची बाटली पुसून स्वच्छ ठेवा, बोटाचा डाग असला तरी आकडा हलतो. समजा ८.६ चा ७.७ झाला, म्हणजे ३ दिवसात ०.९, रोजचा खप ०.३. माझ्या २०० लिटरला फ्यूजनचे ८-८ मिली म्हणजे अर्धा केएच, तर ०.३ ला साधारण ५-५ मिली. ५०० मिलीची जोडी तीन महिन्यांच्या वर चालते. वाईट नाही.

ओतताना दोन्ही एकदम नाही. एक सकाळी एक रात्री, किंवा किमान मध्ये चांगलं अंतर ठेवून, आणि पॉवरहेडच्या (टँकमधल्या पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत किंवा संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) जिथे पाणी खळखळतंय तिथे. शांत कोपऱ्यात फ्यूजन २ टाकलंत तर पाण्यात पांढरा ढग दिसतो, धारेत तो क्षणात विरतो, पण कोपऱ्यात राहिला तर ते तुमचे पैसे वाळूत बसतायत असं समजा. आणि केएच ६ दिसला म्हणून एका दिवसात ९ करायला जाऊ नका, दिवसाला १ च्या वर चढवायचा नाही, कोरलला आकड्यापेक्षा झटका जास्त बाधतो. ७.५ वर स्थिर असलेला टँक ९ आणि ११ मध्ये झोके घेणाऱ्या टँकपेक्षा कधीही बरा. नायट्रेट फॉस्फेट एकदम शून्य आणि केएच ११ च्या वर असं झालं की अक्रोपोराची (एक कडक कोरल) टोकं जळतात, हा कडक कोरलवाल्यांचा जुना अनुभव आहे.

मधे एका दुकानात गेलो होतो, नाव नको, तिथे भाई काउंटरवर आयोडीनची बाटली ठेवून म्हणाला, साहेब आ नाखो ने, रंग एकदम खुली जशे (हे घाला ना, रंग एकदम खुलेल). मी म्हटलं, भाई समुद्रात आयोडीन लिटरला ०.०६ मिलिग्रॅम असतं, माझ्या टँकमध्ये आत्ता किती आहे ते तुम्ही सांगा, मग घालतो. तो हसला आणि बाटली परत ठेवली, मग आम्ही चहा घेतला. माणूस चांगला आहे, पण त्याच्याकडे विकायला बाटल्या आहेत आणि किट नाहीत, तो तरी काय करणार. माझा नियम सोपा, जे मोजता येत नाही ते घालायचं नाही. ट्रेस एलिमेंट सगळे दर वेळी नव्या मिठाबरोबर येतातच.

आता बडोद्याचा खास मुद्दा, आणि तो म्हणजे बाष्पीभवन. मे महिन्यात इथे पारा ४२ च्या पुढे जातो, टँकवर पंखा लावलेला, नाहीतर एसी लावून खोली बंद, हवा कोरडी, माझ्या टँकमधून रोज २-३ लिटर पाणी उडून जातं. ते भरायला आरओडीआयचं (क्षार पूर्ण काढलेलं) पाणी लागतं (आजव्याचं असो की महीचं, नळाचं पाणी थेट नाही म्हणजे नाही). मग रोज एवढं गोडं पाणी ओततोच आहोत तर त्यातूनच कॅल्शियम आणि केएच का नाही द्यायचा? चुन्याची निवळी. बाहेर तिला काल्कवासर म्हणतात, जर्मनीत वगैरे जुन्या काळापासून वापरतात, आणि एका पदार्थात दोन्ही मिळतात ते पण बरोबर प्रमाणात. वर बोनस असा की बंद एसीच्या खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचून टँकचा पीएच पडतो, निवळी तो वर आणते, फ्यूजनने तेवढा फरक पडत नाही.

पण हिशोबाने. पूर्ण संपृक्त निवळीचा १ लिटर माझ्या २०० लिटरला अर्ध्याच्या थोडा वर केएच देतो. खप रोजचा ०.३ असेल तर अर्धा लिटर पुरे. ३ लिटर टॉपअप (उडालेल्याच्या जागी भरायचं पाणी) सगळाच संपृक्त घातला तर दिवसाला दीड केएच चढेल, म्हणजे वाटच. म्हणून उन्हाळ्यात मी दिवसाच्या टॉपअपच्या पाण्यात जेमतेम पाऊण ग्रॅम चुना घालतो, लिटर किती का असेना, आणि रात्रभर थेंब थेंब सोडतो, सलाईनचा सेट लावून. निवळीचा पीएच १२.४ असतो, एकदम ओतली की मासे गेलेच समजा. हातमोजे घाला, डोळ्यात उडू देऊ नका, लहान मुलं असतील तर ड्रम झाकून उंचावर. ड्रममध्ये वर पातळ साय धरते, खाली पांढरा गाळ बसतो, आपल्याला मधलं नितळ पाणी हवं, म्हणून नळी तळापासून चार बोटं वर बांधा, गाळात चुन्यातली घाण उतरलेली असते ती तिथेच राहू दे.

आमच्या आईने लगेच विचारलं, पानाच्या डब्यातला चुना नाही का चालत? नाही चालत. त्यात काय मिसळलंय कोणाला माहीत नसतं. लॅब ग्रेडचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, बडोद्यासारख्या केमिकलच्या गावात ते मिळायला अडचण नाही, इंडस्ट्रियल गोणीतलं स्वस्त मिळतं म्हणून मात्र घेऊ नका. आणि डबा घट्ट बंद, हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून चुना मरतो.

मग फ्यूजन कशाला, असं विचाराल. पावसाळ्यासाठी. जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट की पंख्याने ना पाणी उडत ना थंड होत, टॉपअप लिटरभर पण लागत नाही. माझा ०.३ चा खप तरी भागतो, पण ज्यांचा माझ्याएवढाच टँक कडक कोरलने भरलाय आणि खप रोज १ च्या घरात गेलाय त्यांना पावणेदोन लिटर संपृक्त निवळी लागेल, तेवढं पाणी मे महिन्यात उडतं, ऑगस्टमध्ये नाही. उरलेलं टू-पार्टने, म्हणजे फ्यूजनसारख्या दोन बाटल्यांच्या जोडीने, भरायचं. म्हणजे बडोद्यात उन्हाळ्यात चुना आणि पावसाळ्यात बाटली असा जोडकारभार मला सगळ्यात पटतो, पुण्या-मुंबईच्या लोकांचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नका.

स्वस्तात करायचं असेल तर टू-पार्ट घरीही होतं. अमेरिकेतले केमिस्ट रँडी होम्स-फार्ली यांची कृती जगभर चालते, ५९४ ग्रॅम खाण्याचा सोडा एका अमेरिकन गॅलनला म्हणजे ३.७८ लिटरला, आणि दुसऱ्या कॅनमध्ये तेवढ्याच पाण्याला ५०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. सोडा आधी ओव्हनमध्ये १५० डिग्रीला तासभर भाजायचा, मग तो पीएच पण वर धरतो. हे फ्यूजनपेक्षा निम्म्याहून पातळ होतं, म्हणून माझ्या टँकला ५ मिलीच्या जागी ११ मिली. बेकिंग पावडर आणू नका, त्यात स्टार्च आणि आम्ल असतं, नुसता सोडा हवा. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना पाणी चांगलंच तापतं आणि पावसाळ्यात उघडं राहिलं तर डब्यातच चिखल. मोठा टँक असेल, ४००-५०० लिटरच्या वर, तर बाटल्या परवडणारच नाहीत, हेच करा. माझ्याएवढ्या टँकला बाटली घेणं म्हणजे सोय विकत घेणं, मला तेवढी सोय हवी असते.

लाईट गेली की काय, हा पण प्रश्न आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी भागात लाईट नव्हती. अशा वेळी बॅटरीचा एअर पंप कामाला येतो, केएच-बिएच नंतर. पण एक लक्षात ठेवा, कोरल सांगाडा बांधतं ते मुख्यतः उजेडात, दोन-तीन दिवस अंधारात राहिलं की खप पडतो, त्यामुळे लाईट आल्या आल्या आधीचा डोस जसाच्या तसा सुरू करायचा नाही, आधी केएच बघायचा. डोसिंग पंप लावलेल्यांनी तर नक्कीच, कारण तो बिचारा लाईट आली की मुकाट चालू होतो.

आणि कडक कोरल घेणार असाल तर एक सांगणं. भारतातले सगळे खडे कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जामनगरजवळ नराराला ओहोटीच्या वेळी चालत जाऊन जिवंत कोरल बघता येतं, सुंदर जागा आहे, १९८२ पासून मरीन नॅशनल पार्क आहे, बघा आणि रिकाम्या हाताने परत या. कोणी "कच्छच्या खाडीतला पीस आहे, स्वस्त देतो" म्हणाला तर उठून निघा. बाहेरचं, फार्ममध्ये वाढवलेलं असेल तरी आयातीचे कागद आणि नोंदणी दोन्ही बघून घ्या.

तर फ्यूजनला माझे ५ पैकी ४. लेबल प्रामाणिक आणि प्रमाण सोपं, म्हणून ४. एक कापला तो यासाठी की दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या, रात्री निळ्या लाईटमध्ये १ आणि २ कळत नाही, मी झाकणांना मार्करने लाल-काळी खूण केलीय. घेताना जोडीनेच घ्या, नुसती १ किंवा नुसती २ नको, आणि दुकानात किट आणि बाटली यातलं एकच परवडत असेल तर किट उचला, बाटली पुढच्या महिन्यात घ्या, तोपर्यंत पाणी बदलत राहा.